चांगुणाबाईच्या अकरा गाठी

कुत्रं जीपमधून उतरलं आणि हायस्कूलच्या फाटकातच भडाभडा ओकलं.

"गाडी लागली त्याला," जमादार कचरू म्हणाला. "भोकरदनपासून डोळे फिरवून राह्यलं व्हतं."

चांगुणाबाई माठाचं झाकण हातात धरून बघतच राहिली. पोलिसांचं कुत्रं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. गावात मात्र आठ दिवसांपासून त्याचीच बोलवा होती. कुणी म्हणे त्याला सरकारी पगार आहे. कुणी म्हणे त्याला रोज अर्धा शेर मटण लागतं. पारावरच्या एकानं तर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की, ते माणसाच्या सावलीचा वास घेतं आणि त्याच्या आज्यानं केलेली चोरीसुद्धा हुडकून काढतं. ते कुत्रं आता लिंबाच्या झाडाखाली चारी पाय पसरून पडलं होतं आणि त्याच्या जिभेवर माशी बसली तरी त्याला हाकलवत नव्हती.

चांगुणाबाईला कीव आली. तिनं फुटक्या घमेल्यात दोन तांबे पाणी ओतलं आणि पुढं सरकवलं.

"पी बाबा. सरकारी असलं म्हणून काय झालं, तहान तर लागंलच की."

साल एक्याण्णव. चांगुणाबाई हायस्कुलात शिपाई होती. आधी तिचा नवरा भिवा या जागेवर होता. तो गेला, तेव्हा संस्थेनं तिला घेतलं, त्याला सहा वर्षं झाली. झाडलोट करायची, माठ भरायचे आणि तासाला घंटा द्यायची. घंटा म्हणजे आगगाडीच्या रुळाचा एक तुकडा; भिवानं परतूरच्या स्टेशनावरून आणला होता. विकत आणला की उचलून, हे त्यानं मरेपर्यंत सांगितलं नाही.

आणि ही पोलिसांची भानगड काय होती, तर शहरातल्या शाळांमध्ये पोरं गर्द ओढतात असं पेपरात छापून आलं होतं. मग वरून परिपत्रक निघालं. हेडमास्तर तातेराव सरांनी प्रार्थनेनंतर ते वाचून दाखवलं. गर्द हे विष आहे, त्यापासून सावध राहा, सहकार्य करा. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

चांगुणाबाईनं नंतर ऑफिसात जाऊन विचारलं होतं, "सर, हे गर्द असतंय कसं?"

"पुडीत असतं."

"रंग कोणता असतो?"

सरांनी परिपत्रक उलटंसुलटं करून बघितलं. "रंग दिलेला नाही," म्हणाले.

तेव्हापासून तिला प्रत्येक पुडीचा संशय यायला लागला. वाण्यानं जिरं बांधून दिलं, तरी ती आधी वास घ्यायची.

फौजदार तरुण होता. सातारा-सांगलीकडचा असावा, बोलणं तिकडचं. त्यानं सगळ्या वर्गांना मैदानात ओळीनं बसवलं आणि दप्तरं उपडी करायला लावली. काय निघावं त्यातून! गोट्या, गुलेर, अर्धी भाकरी, लसणाची चटणी, मोरपिसं, एका पोराच्या कंपासपेटीतून तर जिवंत सरडा. मोठ्या पोरांना सदरे काढायला लावले. थंडीचे दिवस, पोरं उघडी बसून कुडकुडायला लागली. एकाजवळ बिडी सापडली. फौजदारानं त्याचा कान असा पिळला की पोरगं पायाच्या अंगठ्यावर उभं राहिलं.

"गर्द कुठंय?"

"कोण गर्द, साहेब?" पोरानं विचारलं. त्याला वाटलं, कुण्या पोराचं नाव आहे.

गणिताच्या पोरसवदा मास्तरांनी हळूच म्हटलं, "साहेब, लेकरं आहेत. जरा सांभाळून." फौजदारानं त्यांच्याकडं असं बघितलं की, मास्तर स्वतःचाच खिसा चाचपायला लागले.

अकरा वाजले, बारा वाजले. फौजदाराच्या हातात एक छापील कागद होता आणि तो सगळा कोरा.

"निरंक लिहून पाठवलं तर वर विचारतात, शोधलंच नाही का म्हणून," तो वैतागून म्हणाला. "सर, अजून कुठं काही ठेवतात का ही पोरं?"

तातेराव सर माणूस वाईट नव्हता. पण पोलीस बघितला की त्यांना खरं बोलायची घाई व्हायची.

"मुलींच्या काही वस्तू," ते म्हणाले, "चांगुणाबाईंच्या पेटीत असतात."

चांगुणाबाईच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

ती पेटी भिवाची, लोखंडी, घंटेच्या खोलीत ठेवलेली. वर्गात दप्तरात काही ठेवलं की पोरं उचकायची. घरी ठेवलं तर भाऊ उचकायचे. मग एका पोरीनं एकदा चिंधीत बांधून काहीतरी मावशीकडं दिलं, मग दुसरीनं दिलं. असं करता करता रोज सकाळी दहा-अकरा गाठोडी यायला लागली. मुठीत मावतील एवढी. चिंधी जिची तिची आणि गाठही जिची तिची. कुणाची सरगाठ, कुणाची दुहेरी, कुणाची सशाच्या कानासारखी. चिंधी नाही पाहिली, नुसतं अंधारात बोट फिरवलं, तरी चांगुणाबाई सांगायची, हे अमकीचं आणि हे तमकीचं. संध्याकाळी जिचं तिला परत.

गाठ मात्र सोडायची नाही. सहा वर्षांत तिनं एकही गाठ सोडली नव्हती. वास घेतला नव्हता की दाबून बघितलं नव्हतं. गावातल्या दोन-चार मोठ्या घरांतल्या पोरी तिच्या हातचं पाणी घेताना अजून इकडंतिकडं बघायच्या, आईनं तसं शिकवलेलं. पण गाठोडं द्यायला त्याच पोरी सगळ्यांच्या आधी. चांगुणाबाईला त्याचं हसूही यायचं आणि मनातून बरंही वाटायचं.

"आणा ती पेटी," फौजदार म्हणाला.

"साहेब, त्यात काही न्हाई. पोरीबाळींचं हाय."

"म्हणूनच आणा."

कचरू जमादारानं पेटी व्हरांड्यात आणली. मैदानात सगळी शाळा बसलेली. अकरा गाठोडी टेबलावर ओळीनं मांडली. समोरच्या पोरींच्या माना एकेक करून खाली गेल्या.

"हे कुणाचं?" फौजदारानं पहिलं उचलून विचारलं.

त्यानं ते सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

"कुणाचं आहे? नाव सांगा, नाहीतर एकेकीला उभं करतो."

आता बघा, चांगुणाबाईनं काही ठरवून केलं नाही. ठरवायला वेळच कुठं होता? तिच्या तोंडातून आपोआप निघालं, "माझं हाय, साहेब."

फौजदारानं गाठ सोडली. चिंचा आणि मिठाचे खडे.

"हे तुझं?"

"हाव. मळमळ व्हती मला."

दुसरं सोडलं. लाल लालीची डबी आणि टिकल्यांचं पाकीट.

"आणि हे?"

"माझंच."

विधवा बाई, कपाळ मोकळं. मैदानात कुणीतरी फसकन हसलं. फौजदारानं टिकल्यांकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"लावते कधी?"

"लावत न्हाई, साहेब. बघते नुसती."

आता पोरं उघडपणे हसायला लागली. सदरे काढलेली, कुडकुडणारी पोरंसुद्धा. तिसऱ्यात आरशाचा तुकडा निघाला, चौथ्यात गोळ्या-चॉकलेटं, पाचव्यात चिठ्ठी. फौजदारानं ती मोठ्यानं वाचली. "प्रिय सखी, तुझी आठवण आली की घास गिळवत नाही. बाजाराच्या दिवशी बस स्टँडवर ये. निळी साडी नेस."

"हेही तुझंच?"

"माझंच."

"कुणी लिहिलंय?"

"मालकांनी."

"नाव काय मालकांचं?"

"अगं बया," चांगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. "नवऱ्याचं नाव कसं घेऊ, साहेब?"

"भिवा नाव त्याचं," कचरूनं मागून सांगितलं. "सहा वर्सं झाली त्याला जाऊन."

फौजदारानं चिठ्ठी तिच्या नाकासमोर धरली. "यावर परवाची तारीख आहे!"

"आपल्याकडं टपाल लई उशिरा येतं, साहेब."

मैदान असं हसलं की लिंबावरची पाखरं उडाली. तातेराव सरांनी खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. कुत्र्यानं एक डोळा उघडला आणि परत मिटला. फौजदाराच्याही ओठाच्या कोपऱ्याला काहीतरी झालं. चांगुणाबाईला वाटलं, निभावलं. हा हसला की जाईल.

पण तो गेला नाही. सहा, सात, आठ, नऊ. दहावं गाठोडं त्यानं त्याच घाईत ओढलं आणि उघडलं.

आत जुन्या लुगड्याच्या कापडाची घडी होती. काठ लाल, धुऊन धुऊन विटलेला. स्वच्छ, चापून-चोपून केलेली घडी. बाईच्या अडचणीच्या दिवसांतली.

फौजदाराला एक क्षणभर कळलं नाही. त्यानं ती बोटात धरून वर केली. मग कळलं.

कुणीही हसलं नाही. नववीच्या रांगेतल्या एका पोरीनं गुडघ्यांत तोंड घातलं. तिच्या शेजारच्या पोरी हळूहळू तिला चिकटून बसल्या, म्हणजे नेमकी कोण, हे दिसू नये.

"माझंच हाय," चांगुणाबाई म्हणाली. या वेळी तिचा आवाज मोठा नव्हता.

पन्नाशी उलटलेली बाई. काय खरं ते तिथं शिक्षकांपासून शिपायांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. फौजदारानं घडी खाली ठेवली आणि स्वतःच गाठ मारायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. गाठ पुरुषाची, ओबडधोबड, बैलाच्या दाव्याला मारावी तशी बसली.

तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण टेबलावर अकरावं गाठोडं उरलं होतं. पिवळ्या चिंधीचं, दुहेरी गाठीचं. आता त्याला हात लावायची त्याची हिंमत होईना.

"हे तू सोड," तो चांगुणाबाईला म्हणाला.

"मी न्हाई सोडत, साहेब."

"तुझंच आहे ना सगळं? मग सोड की."

आता काय करावं? आपलंच म्हटलं, तर आपल्याला सोडायला हरकत काय? आणि नाही म्हटलं, तर मग कुणाचं ते सांगावं लागणार. तिनं मैदानाकडं बघितलं. दहावीच्या रांगेत बेबीनंदा बसली होती, पिंपळगाव रेणुकाईच्या वाटेवरच्या शेतवस्तीवरून रोज चालत येणारी. पिवळी चिंधी तिची. पोरगी टक लावून चांगुणाबाईच्या बोटांकडं बघत होती.

चांगुणाबाईनं गाठ सोडली.

आत कागदाची पुडी होती आणि पुडीत वाळका, हिरवट पाला. नाकाशी न्यायचीसुद्धा गरज नव्हती. गावाबाहेरच्या मठात चिलीम ओढणारे बसायचे, त्या वाटेनं ती लहानपणापासून येत-जात होती. गांजा.

तिच्या डोक्यात सगळा गोंधळ झाला. गांजा म्हणजेच गर्द का? का गर्द वेगळं? बेबीनंदा ओढते? ही, मराठीच्या धड्यातलं मोठ्यानं वाचून दाखवणारी? म्हणजे पोलीस आले ते बरोबरच आले? म्हणजे आपण इतका वेळ खोटं बोललो ते पाप केलं?

"काय आहे हे?"

"माझंच," तिच्या तोंडातून निघून गेलं. दहा वेळा म्हटल्यावर जिभेला तेच वळण पडलं होतं. "दाताचं औषध हाय."

"कोणत्या दाताचं?"

"पडला तो."

या वेळी फौजदार हसला नाही. "बाई, यात जेल होते, माहीत आहे? नोकरी जाते."

चांगुणाबाईनं घंटेच्या खोलीकडं बघितलं. पण आता "बेबीनंदाचं" म्हणायला तोंड उघडेचना.

"कुत्रं आणा," फौजदार म्हणाला.

कुत्र्याला उठवून आणलं. पुडी त्याच्या नाकाशी धरली. कुत्र्यानं हुंगलं, एक शिंक दिली आणि जाऊन चांगुणाबाईच्या पायांवर डोकं ठेवून आडवं झालं. पाणी पाजलेलं विसरलं नव्हतं.

"म्हणजे काय समजायचं?" फौजदारानं विचारलं.

"काही समजू नका, साहेब," कुत्र्यासोबतचा शिपाई चाचरत म्हणाला. "हे खुनाचं कुत्रं हाय. गांजाचं वेगळं असतं. ते रजेवर हाय."

फौजदारानं कपाळावर हात मारला. तेवढ्यात कचरू पुढं आला. त्यानं पुडी घेतली, चिमूट तळहातावर चोळली, लांब वास घेतला.

"तुळस हाय, साहेब. मंजुळा वाळविलेल्या. बिलकुल तुळस."

"नक्की?"

"बराबर तुळस. आमच्या वाड्यावस्त्यांवर बाया दाताला लावतेत."

फौजदारानं त्याच्याकडं बघितलं. मग त्यानं दहाव्या गाठोड्याकडं बघितलं, त्या ओबडधोबड गाठीकडं. आणि कागदावर खाली वाकून लिहिलं, निरंक.

कचरूनं पुडी नीट मिटली आणि स्वतःच्या खिशात घातली. "घरी खोकला हाय मंडळीला. काढ्याला व्हईल."

जीपपर्यंत चांगुणाबाई त्याच्यामागं गेली. "कचरूदादा, खरं सांगा. तुळस व्हती का ती?"

"मावशी, तुम्हीच म्हणल्या तुमची हाय," कचरू म्हणाला. "मंग तुम्हाला ठाऊक. मला कामून इचारता?"

जीप गेली. कुत्रं मागच्या काचेतून बघत होतं, आताच त्याचे डोळे फिरायला लागले होते.

पाच वाजता पोरी आपापली गाठोडी न्यायला आल्या. नेहमीसारखी खिदळाखिदळ नाही. एकेकीनं चिंधी उचलली आणि चालती झाली. शेवटी बेबीनंदा आली.

चांगुणाबाईनं दार ओढून घेतलं. "चिलीम ओढती का गं तू?"

"न्हाई वो मावशी!" पोरगी दचकली. "आबाचं हाय ते. सकाळी त्याच्या पिशवीतून काढून आणते. सांजंला परत ठेवते."

आबा म्हणजे तिचा बाप, धर्मराज. मठात बसणाऱ्यांतला.

"काढलं, तर परत कामून ठेवती? फेकून दे की."

"एकदा फेकलं व्हतं. मंग त्यानं आईला मारलं. हात मोडला तिचा." बेबीनंदा पिवळ्या चिंधीची टोकं पिळत होती. "तवापासून नुसतं लपविते. दिसभर सापडलं न्हाई की चिडत चिडत का व्हईना, रानात जातो. संध्याकाळी सापडलं की म्हणतो, मायला, इथंच तर व्हतं! माझेच डोळे गेले." ती जराशी हसली. मग म्हणाली, "मावशी, पुडी कुठंय?"

चांगुणाबाईनं रिकाम्या पेटीकडं बघितलं. पुडी जमादाराच्या खिशात बसून तालुक्याला गेली होती.

ती उठली. तातेराव सरांच्या ऑफिससमोर स्काउटच्या पोरांनी तुळस लावलेली होती. तिनं वाळक्या मंजुळा ओरबाडल्या, कागदावर चुरल्या. वास येईना कडक. मग तिनं कनवटीची मिशरीची डबी काढली आणि चांगली दोन चिमटी त्यात टाकली.

"अवो मावशी, त्याला ठसका लागंल!"

"लागू दे. म्हणावं, माल भेसळीचा आला. आजकाल कशात भेसळ न्हाई?"

दोघी हसल्या. हसता हसता बेबीनंदाच्या डोळ्यांना पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं, चांगुणाबाईला कळलं नाही. तिनं पुडी बांधून पोरीच्या हातातल्या पिवळ्या चिंधीवर ठेवली. "गाठ तूच मार," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गावात सगळं ज्याच्या त्याच्या परीनं रंगलं होतं. कुणी म्हणे कुत्र्यानं चांगुणाबाईला लोटांगण घातलं. कुणी म्हणे भिवाची पत्रं अजून दर बाजाराला येतात आणि पोस्टमनला ती द्यायची भीती वाटते. कुणी म्हणे पेटीतून पायलीभर गर्द निघालं, ते जमादारानं वाटून घेतलं. चांगुणाबाईनं कुणाचंच खोडलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.

पण पेटीत त्या दिवशी एकही गाठोडं आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरी पाणी प्यायला यायच्या, तांब्या घ्यायच्या, "मावशी" म्हणायच्या. बघायच्या मात्र माठाकडं. नववीतली ती पोरगी तर शाळेतच आली नाही.

चौथ्या दिवशी सातवीतल्या एका चिमुरडीनं पाणी पिता पिता विचारलं, "मावशी, तुम्हीच सोडली ना ती गाठ?"

"हाव," चांगुणाबाई म्हणाली. आणि पुढं काय म्हणावं? फौजदारानं सोडायला लावली म्हणावं? मग तिनं नाही म्हणायला हवं होतं का? नाही म्हटलं असतं, तर बेबीनंदाचं काय झालं असतं? आणि सोडली म्हणून तरी काय बरं झालं? घंटा द्यायची वेळ होऊन गेली, तरी ती विचारच करत होती. सगळे वर्ग पाच मिनिटं उशिरा सुटले.

तातेराव सर आले. पेटीत डोकावले. "रिकामीच आहे, तर खडूचे खोके ठेवा यात. ऑफिसात ओल लागते."

तिनं खडूचे खोके ठेवले.

सहाव्या दिवशी बेबीनंदा आली. डाव्या हातात बांगड्या नव्हत्या. चांगुणाबाईनं तिकडं बघितलं आणि पोरीनं हात ओढणीखाली घेतला.

"ठसका लागला का?"

"तीन दिवस खोकला."

"आणि मंग?"

बेबीनंदानं तांब्या उचलला. तांब्याभर पाणी प्याली. मग दप्तरातून पिवळी चिंधी काढली, पेटीचं झाकण उचललं आणि खडूच्या खोक्यांमध्ये ठेवून वर्गाकडं पळाली.

चांगुणाबाई पेटीपाशी बसली. तिनं गाठोडं हातात घेतलं. हलकं होतं. पुडी असेल, नसेलही. दुहेरी गाठ, घट्ट. फौजदार जाताना परत कधीही येईन म्हणाला होता. तातेराव सरांनीही परवा बजावलं होतं, पेटीत काय आहे याची जबाबदारी तुमची. बघून ठेवायला काय हरकत आहे? नुसतं बघायचं. तिचा अंगठा गाठीवर होता.

बाहेर दुसऱ्या तासाची मुलं गोंगाट करायला लागली.

तिनं अंगठा उचलला. पिवळ्या चिंधीवर खडूचा पांढरा ठसा उमटला होता. तिनं पदराच्या टोकानं तो पुसला, अगदी दिसेनासा होईपर्यंत. मग गाठोडं तळाशी सारलं, वर खडूचे खोके रचले, झाकण लावलं आणि घंटा द्यायला उठली.